‘झोपेंत मूल’ आणि इंग्रजी विशेषणें

नामाचा गुण किंवा विशेष दाखविणारा शब्द तो विशेषण, आणि त्याची जागा नामाच्या आधीं, हा धडा आमचे विद्यार्थी इंग्रजी व्याकरणाच्या अगदीं आरंभीं शिकतात. ‘गुड बॉय’, ‘रेड फ्लॉवर’, ‘ओल्ड मॅन’ अशीं चारदोन उदाहरणें फळ्यावर येतात, मुलें तीं उतरून घेतात, आणि पुढें वर्ष दोन वर्षें ह्या नियमाला कोठेंही बाध येत नाहीं. नंतर एके दिवशीं निबंधाच्या वहींत ‘ॲन अस्लीप चाइल्ड’ किंवा ‘ॲन अफ्रेड बॉय’ असे शब्द दिसतात. शिक्षक त्यांखालीं तांबडी रेघ ओढतात, आणि आपलें काय चुकलें हें मुलाला कळत नाहीं. त्यानें तर नियम पाळला होता. ‘अस्लीप’ हें विशेषण आहे असें शब्दकोश सांगतो, ‘चाइल्ड’ हें नाम आहे, विशेषण नामाच्या आधीं ठेवलें आहे. मग तांबडी रेघ कशासाठीं?

आमच्या मतें हा प्रश्न क्षुल्लक नाहीं. ज्या मुलानें स्वतः विचार करून शब्द जुळविले त्याच्या वहींत रेघ पडते, आणि ज्यानें मार्गदर्शक पुस्तकांतील निबंध जसाचा तसा उतरला त्याची वही स्वच्छ राहते. असें चारदोन वेळां झालें म्हणजे पहिला मुलगा इंग्रजी शिकत नाहीं, तो भिण्यास शिकतो. ह्यापुढें आपलें वाक्य आपण रचावयाचें नाहीं, दुसऱ्यानें रचलेलें तेवढें वापरावयाचें, असा निश्चय तो मनाशीं करून टाकतो. इंग्रजी पुस्तक सहज वाचणारीं, परंतु चार लोकांत इंग्रजी बोलण्याचा प्रसंग आला कीं तोंड मिटून बसणारीं माणसें आपल्या समाजांत थोडीं नाहींत. त्यांच्या त्या मौनाचें मूळ पुष्कळदां अशा न समजलेल्या रेघांतच असतें.

ह्यावर चालू उपाय म्हणजे यादी. ‘अस्लीप, अवेक, अलाइव्ह, अलोन, अफ्रेड, अशेम्ड, अलाइक, अवेअर, अफ्लोट, अजार, इल, वेल, ग्लॅड, सॉरी’ हे शब्द नामाच्या आधीं घालूं नयेत, एवढें सांगून ती यादी पाठ करावयास दिली जाते. आपल्या देशांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या रेन आणि मार्टिन ह्यांच्या व्याकरणांतही विशेषणाचे हे दोन उपयोग वेगळे दाखविले आहेत. मराठी व्याकरणकारांनीं तर त्यांना नांवेंही दिलीं आहेत. नामाच्या आधीं येतें तें अधिविशेषण, आणि नामानंतर येऊन विधान पुरें करतें तें विधिविशेषण. ‘शहाणा मुलगा’ ह्यांत ‘शहाणा’ हें अधिविशेषण, आणि ‘मुलगा शहाणा आहे’ ह्यांत तेंच विधिविशेषण. म्हणजे नांवें आहेत, यादी आहे, फक्त कारण तेवढें नाहीं. ‘भाषेला कारण विचारूं नये, ती जशी आहे तशी घ्यावी,’ असें पुष्कळ अनुभवी शिक्षक म्हणतात. आम्हांला तें पटत नाहीं. भाषा प्रत्येक वेळीं उत्तर देते असें नाहीं. परंतु येथें तिनें निदान अर्ध्या यादीचें उत्तर देऊन ठेवलें आहे, आणि तें इतकें सोपें आहे कीं आठवीच्या मुलाला एका तासांत समजावें.

ह्या शब्दांच्या आरंभींचा ‘अ’ म्हणजे आपल्या ‘अज्ञान’, ‘अशक्त’ ह्या शब्दांतील नकाराचा अ नव्हे. तो जुन्या इंग्रजींतील ‘ऑन’ ह्या शब्दाचा झिजून उरलेला अवशेष होय. सुमारें हजार वर्षांपूर्वींच्या इंग्रजींत ‘अस्लीप’ हा एक शब्द नव्हता. ‘ऑन’ आणि ‘झोप’ असे दोन शब्द होते, आणि त्यांचा मिळून अर्थ आपल्या भाषेंत सांगावयाचा तर ‘झोपेंत’. बोलतां बोलतां ‘ऑन’मधील ‘न’ गळाला, उरलेला स्वर पुढील शब्दास चिकटला, आणि दोहोंचें एक झालें. ‘अलाइव्ह’ची गोष्ट तीच. मूळ रूप ‘ऑन लीफे’, म्हणजे ‘जीवनांत’. दोन स्वरांच्या मध्यें सांपडलेल्या ‘फ’चा उच्चार त्या काळीं ‘व्ह’ होत असे, म्हणून आज ‘लाइफ’ ह्या नामांत फ ऐकूं येतो आणि ‘अलाइव्ह’ मध्यें व्ह. ‘अफ्लोट’ म्हणजे तरंगत्या स्थितींत, ‘अशोर’ म्हणजे किनाऱ्यावर, ‘अब्लेझ’ म्हणजे ज्वाळांत. ‘अजार’ ह्या शब्दांत ‘वळण’ ह्या अर्थाचा एक जुना शब्द दडून बसला आहे. दार वळणावर आहे, म्हणजे पुरतें उघडेंही नाहीं आणि पुरतें लागलेलेंही नाहीं.

ह्यावरून दिसून येईल कीं हे शब्द विशेषणाचा पोशाख घालून वावरत असले तरी जन्मानें ते नाम आणि त्याला जोडलेलें अव्यय ह्यांची जोडी आहेत. आपल्याकडे हेंच काम सप्तमीचा प्रत्यय करतो. आतां मुलांना असें विचारावें कीं ‘पाळण्यांत एक झोपेंत मूल आहे’ हें मराठी वाक्य कसें वाटतें. वर्ग हंसतो. न शिकवितां, व्याकरणाचा एकही नियम न सांगतां, प्रत्येक मुलाच्या कानाला तें वाक्य खटकतें. ‘मूल झोपेंत आहे’ हें बरोबर, ‘एक झोपेंत मूल’ हें चूक, हें त्याला आईच्या मांडीवर असल्यापासून माहीत आहे. ‘किनाऱ्यावर माणूस’, ‘ज्वाळांत घर’ असे शब्दही तो कधीं जुळविणार नाहीं. मग ‘ॲन अस्लीप चाइल्ड’ हें त्या इंग्रज मुलाच्या कानाला नेमकें ‘झोपेंत मूल’ असेंच ऐकूं येतें, एवढें सांगितलें कीं काम झालें. जें इंग्रजीचें गूढ म्हणून यादींत कोंडून ठेवलें होतें, तें त्याच्या स्वतःच्या घरचेंच निघतें.

मराठींत ह्या अडचणींतून निघण्याची वाट मोठी सोयीची आहे. आपण ‘ला’ किंवा ‘चा’ जोडतों आणि सप्तमीचें विशेषण करून टाकतों. ‘झोपेंतलें मूल’, ‘किनाऱ्यावरचा माणूस’, ‘घरांतलीं माणसें’. इंग्रजीला असा प्रत्यय लाभलेला नाहीं. त्यामुळें तिला नामाच्या आधीं उभा करावयास निराळा शब्द धाडावा लागतो. ‘अस्लीप’च्या जागीं ‘स्लीपिंग’, ‘अब्लेझ’च्या जागीं ‘बर्निंग’, ‘अफ्लोट’च्या जागीं ‘फ्लोटिंग’, ‘अलाइक’च्या जागीं ‘सिमिलर’, ‘अफ्रेड’च्या जागीं ‘फ्राइटन्ड’. ‘अलाइव्ह’च्या जागीं ‘लिव्हिंग’ येतो, किंवा ‘लाइव्ह’ येतो. आणि हा ‘लाइव्ह’ दुसरा कोणी नसून पुढचा ‘अ’ छाटलेला ‘अलाइव्ह’च आहे. ‘अलोन’चें असेंच झालें. तो शब्द ‘ऑल वन’, म्हणजे ‘अगदीं एक’, ह्यांतून झाला. आपला ‘एकटा’ जसा ‘एक’ पासून निघाला तसाच. पुढें त्याचें डोकें कापून इंग्रजांनीं ‘लोन’ केला, त्यापासून ‘लोनली’ केला, आणि हे दोघे आतां नामाच्या आधीं निर्धास्त बसतात.

‘अलाइव्ह’वरून एक गंमत सांगितल्यावांचून राहवत नाहीं. इंग्रजींत ‘जिवंत’ ह्या अर्थाचा फार जुना शब्द ‘क्विक’ हा होता. उपासनेच्या जुन्या इंग्रजी पुस्तकांत तो ह्याच अर्थानें आढळतो, आणि ‘क्विक’ म्हणजे ‘लवकर’ एवढेंच शिकलेल्या मुलास तेथें मोठा घोटाळा होतो. हा ‘क्विक’ आणि आपला ‘जीव’ हे एकाच मूळ धातूपासून निघालेले भाषाशास्त्रज्ञ मानतात. इतक्या दूरचे भाऊबंद, पण एक नामाच्या आधीं चालत होता म्हणून जगला नाहीं, दुसऱ्याचा ‘जिवंत’ मात्र आधींही चालतो आणि मागूनही. ‘जिवंत मासा’ म्हणा, ‘मासा जिवंत आहे’ म्हणा. आमच्या मुलांची ‘अलाइव्ह’च्या बाबतींत चूक होते ती ह्यामुळेंच. शब्दकोशांत ‘अलाइव्ह म्हणजे जिवंत’ असें असतें, ‘जिवंत’ कोठेंही बसतो, म्हणून ‘अलाइव्ह’ही बसेल असें त्यांना वाटतें. तर्क चुकीचा नाहीं. शब्दकोशानें पुरवलेला अर्थ अर्धवट आहे.

चुकीला आणखी एक कारण आहे, आणि तें मराठीच्या वाक्यरचनेंत आहे. आपण नामाच्या आधीं शब्दांची आगगाडी लावूं शकतों. ‘काल सायंकाळपासून आईच्या मांडीवर डोकें ठेवून निजलेलें मूल’ असें आपण सहज म्हणतों. सात डबे आधीं आणि नाम अगदीं शेवटीं. इंग्रजी नामाच्या आधीं थोड्याच शब्दांना जागा देते. ज्याला शेंपूट आहे असा शब्द तिच्यांत नामाच्या मागेंच जावयाचा. ‘अफ्रेड’ला ‘कशाला’ हें शेंपूट, ‘अवेअर’ला ‘कशाची’ हें शेंपूट, ‘फाँड’ला ‘कशाचा’ हें शेंपूट असतें. ‘संगीताची आवड असलेला मुलगा’ हें सरळ मराठी जसेंच्या तसें इंग्रजींत नेलें कीं शब्द एकमेकांवर आदळतात. ‘अ बॉय फाँड ऑफ म्यूझिक’ असें नाम आधीं घेऊन शेंपूट मागें सोडलें पाहिजे. ‘द चाइल्ड अस्लीप इन द क्रेडल’ हेंही त्याच न्यायानें शुद्ध आहे. येथें ‘अस्लीप’ला पुष्कळ मुलें भितात, पण तो नामाच्या मागें आहे, म्हणून भिण्याचें कारण नाहीं.

आतां प्रामाणिकपणें हेंही सांगितलें पाहिजे कीं, यादींतले सर्वच शब्द ‘ऑन’च्या कुळांतले नाहींत. ‘अफ्रेड’ हें फ्रेंचमधून आलेल्या एका क्रियापदाचें धातुसाधित आहे, ‘अशेम्ड’ही धातुसाधितच, पण घरचें, ‘अवेअर’ आणि ‘अलाइक’ ह्यांच्या आरंभीं पूर्वीं निराळाच उपसर्ग होता. त्यांचा जन्म वेगळा, पण काळाच्या ओघांत तोंडवळा सारखा झाला, आणि ज्यांच्या पंक्तीला बसले त्यांचे नियम त्यांनीं घेतले. माणसांत संगतीचा गुण लागतो, तसा शब्दांतही लागतो. उलट ‘अलर्ट’ हा शब्द मुळांत इटालियन भाषेंतील ‘पहाऱ्यावर’ अशा अर्थाच्या शब्दसमूहापासून आला; म्हणजे कुळानें तो ‘अस्लीप’चा चुलतभाऊ शोभावा. परंतु ‘ॲन अलर्ट बॉय’ हें निर्दोष इंग्रजी आहे. तेव्हां ‘अ’ दिसला कीं शब्द मागें टाका, असा उतावळा नियम कोणीं करूं नये. ‘अ’ झांकून पाहिल्यावर खालीं ‘स्लीप’, ‘लाइफ’, ‘फ्लोट’, ‘शोर’ असा ओळखीचा शब्द उरतो का, ही कसोटी बऱ्याच ठिकाणीं उपयोगीं पडते. सर्व ठिकाणीं नाहीं.

कांहीं व्याकरणकार असेंही म्हणतात कीं नामाच्या आधीं येणारें विशेषण टिकाऊ गुण दाखवितें, आणि ‘अस्लीप’, ‘अवेक’ हे तेवढ्या वेळेची अवस्था दाखवितात, म्हणून त्यांना आधीं जागा नाहीं. ह्यांत तथ्य आहे, पण पुरतें नाहीं. भूक किंवा राग कांहीं जन्मभर टिकत नाहीं, तरी ‘हंग्री चाइल्ड’ आणि ‘अँग्री मॅन’ चालतात. शिवाय ‘अस्लीप’लाच जरा सोबत दिली कीं तोही आधीं येऊन बसतो. ‘अ हाफ-अस्लीप चाइल्ड’, ‘अ वाइड-अवेक बॉय’ हीं रूपें चांगल्या लेखकांच्या पुस्तकांत सांपडतात.

येथें पालकांच्या उपयोगाचें थोडें सांगतों. आजाराच्या रजेची चिठ्ठी इंग्रजींत लिहितांना ‘माय इल सन’ असें लिहूं नये. ‘माय सन इज इल’ असें लिहावें. ‘इल’ हा शब्द उत्तरेकडील नॉर्स लोकांच्या भाषेंतून इंग्रजींत आला, आणि तेथें त्याचा अर्थ ‘वाईट’ असा होता. नामाच्या आधीं तो अजून तोच जुना अर्थ धरून बसतो: ‘इल लक’ म्हणजे दुर्दैव, ‘इल विल’ म्हणजे द्वेषबुद्धि. आजारी मुलाला नामाच्या आधीं ‘सिक’ म्हणावें. क्रियापदानंतर अमेरिकेंत ‘सिक’ सर्रास चालतो. इंग्लंडांत मात्र ‘ही वॉज सिक’ म्हटलें तर त्यास वांति झाली असा समज होण्याचा संभव असतो. ‘सॉरी’चेंही असेंच आहे. ‘द बॉय इज सॉरी’ म्हणजे मुलास पश्चात्ताप झाला आहे. पण ‘सॉरी’ नामाच्या आधीं गेला कीं ‘केविलवाणा’, ‘दयनीय’ असा अर्थ होतो. पश्चात्तापी मुलाचें वर्णन करावयास निघालेला विद्यार्थी अशा रीतीनें त्याला भिकाऱ्याच्या रांगेंत नेऊन बसवितो. ‘ग्लॅड’ मनुष्याच्या आधीं सहसा येत नाहीं, वार्तेच्या आधीं मात्र आनंदानें येतो. शुभवर्तमानाला इंग्रजींत जें नांव आहे त्यांत तो आहेच. आणि ‘लेट’ हा शब्द तर फारच जपून वापरावा. ‘द हेडमास्टर इज लेट’ म्हणजे मुख्याध्यापकांना उशीर झाला. ‘द लेट हेडमास्टर’ म्हणजे ते ह्या जगांत नाहींत.

ह्याच्या उलट, नामाच्या आधींच येणारीं आणि मागें न जाणारीं विशेषणेंही आहेत. ‘मियर’, ‘अटर’, ‘मेन’, ‘एल्डर’ हीं त्यांतलीं. ‘माय एल्डर ब्रदर’ बरोबर, ‘माय ब्रदर इज एल्डर’ चूक; तेथें ‘ओल्डर’ पाहिजे. मराठींत ‘निव्वळ मूर्खपणा’ म्हणतां येतें, ‘मूर्खपणा निव्वळ आहे’ असें म्हणतां येत नाहीं, हें लक्षांत आलें कीं एवढ्यावर अधिक बोलण्याची गरज उरत नाहीं.

आमचा खरा मुद्दा ह्यापुढें आहे. मराठींतही केवळ मागेंच येणारे शब्द आहेत, आणि ते कोणीं आपल्याला यादी करून शिकविलेले नाहींत. ‘ठाऊक’ हा शब्द घ्या. ‘ही गोष्ट मला ठाऊक आहे’ असें आपण म्हणतों. ‘ठाऊक गोष्ट’ असें मराठी बोलणारा कोणी म्हणत नाहीं, ‘ठाऊक असलेली गोष्ट’ म्हणतो. ‘माहीत’चेंही तसेंच. ‘तो लग्नास राजी आहे’, पण ‘राजी मुलगा’ नाहीं. ‘ही अट आम्हांस कबूल आहे’, पण ‘कबूल अट’ नाहीं. ‘स्थळ पसंत आहे’, पण ‘पसंत स्थळ’ नाहीं. ‘पसंत पडलेलें स्थळ’. ‘शाळा सुरू आहे’, पण ‘सुरू शाळा’ नाहीं. जागा बदलली कीं अर्थ बदलतो हा प्रकारही आपल्याकडे आहे. ‘काम चालू आहे’ ह्यांतील ‘चालू’ म्हणजे थांबलें नाहीं असें. ‘चालू महिना’ म्हणजे हा महिना. आणि ‘चालू माणूस’ म्हणजे काय तें मुलांना आम्हीं सांगावें असें नाहीं. इंग्रजीचा ‘प्रेझेंट’ ह्याच तऱ्हेचा आहे. ‘द प्रेझेंट मेंबर्स’ म्हणजे सध्यांचे सभासद, मग ते सभेस आलेले असोत वा नसोत. ‘द मेंबर्स प्रेझेंट’ म्हणजे सभेस हजर असलेले सभासद.

पालकहो, हें सर्व तुमच्यापुढें मांडण्याचें कारण असें. मुलाचें इंग्रजी सुधारावें म्हणून घरांतून मराठी हद्दपार करण्याची चाल हल्लीं वाढत आहे. आईबाप आपसांत मराठी बोलतात, पण मुलाशीं मोडकेंतोडकें इंग्रजी बोलतात. आजीनें गोष्ट सांगावयास घेतली तर तिला थांबवितात. तुमची काळजी निराधार आहे असें आम्ही म्हणत नाहीं. उच्च शिक्षण, मोठीं न्यायालयें, परदेशची नोकरी, सर्वत्र इंग्रजीवांचून अडतें, आणि इंग्रजी शिकविणें हा आमचा व्यवसायच आहे. परंतु वर सांगितलेली ‘झोपेंत मूल’ ही कसोटी ज्या मुलाला मराठी पक्की येते त्यालाच उपयोगीं पडते. ज्याच्या कानाला ‘पाळण्यांत एक झोपेंत मूल आहे’ हें वाक्य मुळीं खटकतच नाहीं, त्याला ‘अस्लीप’चें मर्म कोणत्या भाषेंत समजावून सांगावयाचें? अशीं मुलें आतां वर्गांत दिसूं लागलीं आहेत. त्यांना दोन्ही भाषांतले शब्द पुष्कळ येतात. कोणता शब्द कोठें बसतो हें मात्र दोहोंपैकीं एकाही भाषेंत त्यांना आपोआप कळत नाहीं. त्यांच्यापुढें यादी पाठ करण्यावांचून खरोखरच दुसरा मार्ग नाहीं. एक भाषा बळकट असली तर दुसरी तिच्यावर उभी राहते. पहिलीच्या भिंती काढून घेतल्या तर दुसरीचें छप्पर कोठें ठेवावयाचें?

कित्येक गृहस्थ असा आक्षेप घेतात कीं मराठींतून इंग्रजी समजून घेतल्यास मूल जन्मभर मनांत भाषांतर करीत बसेल. तर्खडकरांच्या भाषांतरपाठमालेवर ज्यांनीं इंग्रजीचा अभ्यास केला त्या पिढ्यांत इंग्रजीचे उत्तम लेखक आणि वक्ते झाले, एवढें उत्तर आमच्या मतें पुरेसें आहे. तुलना ही शिडी आहे; माडीवर पोंचलेला मनुष्य ती खांद्यावर घेऊन फिरत नाहीं.

एका भाषेच्या उजेडांत दुसरी पाहण्याची ही रीत नवीनही नाहीं. विल्यम केरी ह्यांनीं १८०५ मध्यें श्रीरामपूर येथें मराठीचें व्याकरण इंग्रजींत छापलें, तें परक्या मनुष्याला आपली भाषा त्याच्या भाषेंतून समजावी म्हणून. दादोबा पांडुरंग ह्यांनीं १८३६ मध्यें मराठींत मराठीचें व्याकरण प्रसिद्ध केलें, तेव्हां त्यांच्यापुढें इंग्रजी व्याकरणाची मांडणी होती. इंग्रजीचा आरसा धरून मराठीकडे पाहण्याचें काम अशा रीतीनें दोन शतकें झालें. मराठीचा आरसा इंग्रजीपुढें धरण्याचें काम आमच्या शाळांत अजून नीटसें सुरू झालेलें नाहीं. त्यास मोठा खर्च लागत नाहीं. इंग्रजीच्या आणि मराठीच्या शिक्षकांनीं आठवड्यांतून एक तास एकत्र बसावें, आणि ‘विशेषण’ हा धडा दोन्ही विषयांत एकाच आठवड्यांत घ्यावा, एवढें केलें तरी पुष्कळ होईल. आज तो एका तासाला एका भाषेंत जूनमध्यें आणि दुसऱ्या तासाला दुसऱ्या भाषेंत दिवाळीनंतर शिकविला जातो, आणि दोहोंचा कांहीं संबंध आहे अशी शंकाही मुलाला येत नाहीं.

आठवीच्या विद्यार्थ्यांना आम्हीं ‘ठाऊक’च्या जातीचे मराठी शब्द घरून शोधून आणावयास सांगितलें आहे. ‘राजी’ आणि ‘कबूल’ हे त्यांनींच आणले; एकीनें आपल्या आजीला विचारून ‘पसंत’ आणला. ‘हजर’ ह्या शब्दावरून मात्र वर्गांत दोन तट पडले आहेत. एक पक्ष म्हणतो, ‘हजर मुलें’ हें शुद्ध मराठी आहे, हजेरीपटाच्या खालीं तसें लिहितातच. दुसरा पक्ष ‘हजर असलेलीं मुलें’ ह्याखेरीज कांहीं ऐकावयास तयार नाहीं. ज्या पालकांना ह्या वादांत कांहीं सांगावयाचें असेल, किंवा असे आणखी शब्द सुचत असतील, त्यांनीं ते मुलांच्या वहींत लिहून पाठवावे.